आत्या घरात किती चालायची?



राजवाडा, सराफा, होळकरांची छत्रीबाग, जुन्या इंदूरातले गणपती, ह्यांवर इथे आपण सगळेच लिहितो आणि आवडीनं वाचतो. मीही लिहिलं आहे. आज मात्र जरा वेगळा विषय घेते. लांब आहे, चहा घेऊन बसा. चार वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आहे, आणि आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट मागे गेल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

एप्रिल २०२१. ते दिवस कोणाला आठवून द्यायला नकोत. माझी आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवलं, आणि आमच्या रामबागेतल्या घरात आम्हा सगळ्या भावंडांना तिनंच वाढवलं. तिला कोविड झाला, ऑक्सिजन ८२ वर आला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही रात्री अकरापासून बसलो होतो. ती स्ट्रेचरवर, मी बाकावर. शेजारच्या स्ट्रेचरवर पस्तीस-चाळिशीचा एक माणूस, त्याची बायको मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेली.

दोनच्या सुमारास एक निवासी डॉक्टर आला. पीपीई किटच्या आत पोरगेलसा चेहरा, डोळे लाल. त्यानं आत्याचा ऑक्सिजन पाहिला, छातीला नळी लावली, कागद चाळले. मग मला विचारलं, "अम्मा घर में कितना चल-फिर लेती हैं? नहाना-धोना खुद करती हैं?"

मला वाटलं, हा काय प्रश्न? माणूस धापा टाकतो आहे आणि ह्याला आंघोळीची पडली आहे. पण त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी सावध झाले. म्हणाले, "हाँ हाँ, सब खुद करती हैं. वॉकर लेकर पूरे घर में घूमती हैं."

हे खोटं होतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी खरं होतं. खुब्याचं हाड मोडल्यावर ती आधी वॉकरवर आली, मग खुर्चीवर, आणि शेवटचं वर्षभर पलंगावर. आंघोळ बाई घालायची. जेवण आम्ही भरवायचो. भर म्हणून मी दोन ओळखीच्यांना फोनही लावले होते.

तीन वाजता आयसीयूत एक खाट रिकामी झाली. ती आत्याला मिळाली.

सकाळी शेजारचं स्ट्रेचर तिथे नव्हतं. बाकावर डबा नव्हता, बायको नव्हती. त्याला दुसरीकडे नेलं, खाली वॉर्डात हलवलं की आणखी काही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आत्या नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती. नवव्या दिवशी गेली. त्या नऊ दिवसांत आमच्यापैकी कोणालाही तिचा हात धरता आला नाही.

माझा भाचा वडोदऱ्याला भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतच काम करतो. वर्षभरानं तो आला तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली. खोटं बोलल्याचं सोडून सगळी. तो म्हणाला, "मावशी, तो प्रश्न अवांतर नव्हता. त्या रात्री तोच खरा प्रश्न होता." तेव्हापासून मी हा विषय वाचते आहे: कोणाला आत घ्यायचं हे डॉक्टर ठरवतात तरी कसं, आणि हे ठरवायची पद्धत आली कुठून?

आमच्या घराण्यापासूनच सुरुवात करते. पणजोबा पुण्याचे. १८९७ च्या प्लेगात बायको-मुलं घेऊन खांडव्यामार्गे छोट्या लाइनीनं इंदूरला आले ते कायमचे. पण घरात सांगितलं जायचं ते असं, की ते प्लेगला भ्याले नव्हते, इस्पितळाला भ्याले होते. रँडच्या प्लेग कमिटीच्या काळात गोरे सोल्जर घरात शिरत, काखेत-जांघेत गाठ आहे का बघत, आणि संशय आला की उचलून नेत. कोणाला दाखल करायचं हे ना रोगी ठरवत होता, ना घरचे. त्या संतापातून २२ जूनला चापेकरांच्या गोळ्या सुटल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्याच साथीत, त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन मुलगा यशवंत ह्यांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यांनाच लागण झाली. एकाच शहरात, एकाच महिन्यात, माणसाला दवाखान्यात नेण्याच्या ह्या दोन तऱ्हा.

पणजोबांना दाखल होण्याची भीती, आणि त्यांच्या पणतीला दाखल न होण्याची. मधल्या सव्वाशे वर्षांत काय बदललं? तर इस्पितळात खरोखर जीव वाचवता येईल अशी एक खोली तयार झाली. आणि खोली तयार झाली म्हणजे तिच्या दारात रांग आली.

रांगेत पुढे कोण, हा प्रश्न मात्र त्याहून जुना. नेपोलियनच्या सैन्यात दॉमिनिक लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. जखमींना रणांगणावरून लगेच उचलून आणण्यासाठी त्यानं घोड्यांच्या हलक्या गाड्या काढल्या. त्याचा नियम असा, की ज्याची जखम सर्वांत धोक्याची त्याला आधी हात लावायचा, मग तो शिपाई असो की सेनापती. हुद्दा बघायचा नाही. १८१२ च्या रशियाच्या मोहिमेच्या आठवणींत त्यानं हे लिहून ठेवलं आहे. आज डॉक्टर लोक ज्याला 'ट्रायाज' म्हणतात तो शब्दही फ्रेंचच. मूळ अर्थ निवडणं, वेगळं करणं. आपण तांदूळ निवडतो तसं.

लारेचा नियम सोपा होता, कारण त्याच्याकडे प्रत्येकाला देण्यासारखं सारखंच होतं: करवत, टाके, पट्टी. खरी पंचाईत यंत्रं आल्यावर झाली.

आता कोपनहेगनला चला. वर्ष १९५२, मी जन्मले त्याच्या आदलं. त्या काळातला पोलिओ आपल्या पिढीला सांगायला नको. आमच्या गल्लीत एक मुलगा कॅलिपर घालून शाळेत यायचा, तसा प्रत्येक गल्लीत कोणीतरी असायचा. पण पाय जाणारी मुलं त्यातल्या त्यात नशीबवान. काहींच्या गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर पोलिओ जायचा. त्या मुलांचा मेंदू जागा, डोळे उघडे, फक्त छाती हलत नाही आणि थुंकी गिळता येत नाही.

त्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओचे रोगी लोंढ्यानं येऊ लागले. भर साथीत एका दिवसाला पन्नास. शहराचं साथीच्या रोगांचं इस्पितळ ते. आणि श्वासासाठी यंत्रं किती? एक लोखंडी पेटी, जिच्यात गळ्यापर्यंत माणसाला झोपवत आणि आतली हवा ओढून छाती फुगवत, आणि छातीवर बसवायची सहा कवचं. बस्स. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडू लागलेल्या ३१ जणांवर ह्या यंत्रांनी उपचार केले. २७ दगावले.

आता विचार करा. यंत्रं सात, दारात शेकडो मुलं. लासेन नावाचे प्रमुख डॉक्टर. त्यांनी काय करायचं? कोणाला पेटीत घालायचं? लहान मुलाला, मोठ्या माणसाला, आधी आलेल्याला? आणि पेटीत घालूनही जगत नाहीत ते वेगळंच.

लासेन ह्यांच्या हाताखालच्या ब्यॉर्नेबो नावाच्या तरुण डॉक्टरनं आग्रह धरला की ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाला बोलवा. भूलतज्ज्ञ म्हणजे तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर न येणारा माणूस. साथीच्या वॉर्डात त्याचं काय काम? पण इब्सेन ह्यांनी मेलेल्यांचे कागद पाहिले आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ह्या मुलांच्या रक्तात जे दिसत होतं ते पोलिओचं काही गूढ नव्हतं. श्वास पुरेसा बाहेर पडत नव्हता म्हणून कार्बन डायऑक्साइड साठत होता. ती गुदमरत होती. आणि थिएटरमध्ये तर ते रोजच स्नायू लुळे केलेल्या माणसाला रबरी पिशवी दाबून श्वास देत होते!

२७ ऑगस्टला त्यांना एक रोगी दिला गेला. बारा वर्षांची मुलगी, विवी एबर्ट. हातपाय लुळे, ताप, स्वतःच्याच थुंकीत बुडत चाललेली. गळ्याला छेद देऊन नळी घातली. मुलगी घाबरून झटापट करू लागली, छाती आवळली गेली, हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर हळूहळू निघून गेले म्हणतात. इब्सेन ह्यांनी तिला झोपेचं औषध दिलं, ती सैल पडली, आणि मग पिशवी दाबली. छाती वर आली. पुन्हा दाबली. तिचा रंग परत आला. ती जगली, पुढे १९७१ पर्यंत.

इथपर्यंतची गोष्ट डॉक्टर मंडळींना ठाऊक असते. मला तिच्या पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. एकीला श्वास देता येतो हे कळलं. पण पिशवी दाबायला हात लागतो, आणि रात्रंदिवस लागतो. मुलगी आठवडे, महिने अशीच राहणार. अशा मुलांची संख्या एका वेळी सत्तरवर गेली. तर कोपनहेगननं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार पोरंपोरी आली. पाळ्या लावल्या आणि खाटेशेजारी स्टुलावर बसून हातानं पिशवी दाबत राहिली. एकूण १,६५,००० तास! मुलाच्या डोळ्यांकडे बघून ओळखायचं की श्वास पुरतो आहे की नाही. काहींनी गोष्टी वाचून दाखवल्या. काहींच्या हातातली पिशवी चालू असतानाच पहाटे कोणी गेलं. पण मृत्यूचं प्रमाण सत्त्याऐंशी टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास आलं, आणि पुढे आणखी उतरलं.

वर्गात शिकवताना मी ही गोष्ट सांगितली असती तर इथे थांबून म्हटलं असतं: बघा, निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सातांची यादी केली नाही. आधी हात वाढवले. निवडीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर नेहमी हेच असतं, आणि ते डॉक्टरनं एकट्यानं द्यायचं नसतं. शहरानं, सरकारनं द्यायचं असतं, आणि साथ यायच्या आधी.

पुढच्या वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन ह्यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात अशा रोग्यांसाठी कायमचा विभाग सुरू केला. जगातला पहिला आयसीयू म्हणून बहुतेक तोच सांगितला जातो. आपल्याकडे मुंबईत ब्रीच कँडी आणि जे. जे. रुग्णालयांत डॉ. फारोख उदवाडिया ह्यांनी ह्या शाखेचा पाया घातला. ह्या डॉक्टरांची देशव्यापी संघटना १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. म्हणजे ज्याला आपण आज 'आयसीयूत घातलं' असं सहज म्हणतो, ती गोष्ट माझ्या वयाची आहे.

आणि हात वाढवूनही पुरले नाहीत तर? त्याची गोष्ट अमेरिकेतल्या सिएटलची आहे, आणि ती वाचताना मला घाम फुटला होता.

१९६० मध्ये तिथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर ह्यांनी हाताच्या शिरेत कायमची बसवता येईल अशी नळी काढली. तोवर डायलिसिस चार-दोनदाच करता यायचं, आता वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. मूत्रपिंडं निकामी होणं म्हणजे मरण, हे समीकरण मोडलं. पण यंत्रं मूठभर, खर्च अफाट. मग डॉक्टरांनी आधी आपली चाळणी लावली: मुलं नकोत, पंचेचाळिशीच्या पुढचे नकोत, बाहेरच्या राज्यातले नकोत. तरीही जागांपेक्षा माणसं जास्त. तेव्हा सात जणांची एक समिती नेमली. त्यात एक वकील, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावं गुप्त. ह्यांनी ठरवायचं की कोण यंत्रावर येईल, म्हणजेच कोण जगेल.

ती साधी, भली माणसं होती. पण ती काय बघत? लग्न झालं आहे का, मुलं किती, नोकरी कशी, शिल्लक किती, चर्चला जातो का, समाजाला उपयोग काय. १९६२ च्या नोव्हेंबरात 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर ह्या पत्रकार बाईंनी हे छापलं आणि देश हादरला. कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं, की समितीला समितीसारखीच माणसं योग्य वाटत होती. एकटा, फाटका, वेगळा जगणारा माणूस तिथे नापास. शेवटी १९७२ मध्ये अमेरिकेनं कायदा करून जवळजवळ सगळ्याच मूत्रपिंडाच्या रोग्यांचा डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला. म्हणजे पुन्हा तेच, हात वाढवले.

आता आपण लगेच म्हणू, छे, असली समिती आपल्याकडे नाही. नाही कशी? आपल्याकडे पहिली चाळणी डॉक्टरच्याही आधी, काउंटरवर लागते. अनामत किती भरता? दुसरी चाळणी ओळखीची. कोणाचा फोन आला? त्या रात्री मी फोन लावलेच होते. शेजारच्या बाईकडे लावायला नंबर होते की नाही, कोणास ठाऊक.

सिएटलनंतर डॉक्टरांनी एक धडा घेतला: माणसाची किंमत करायची नाही, उपचाराचा फायदा किती हे बघायचं. हे मोजायचं कसं ह्यासाठी मग आकडे आले. १९८१ मध्ये विल्यम नाऊस आणि सहकाऱ्यांनी 'अपाची' नावाची गुणपद्धत काढली. १९८५ च्या तिच्या सुधारित रूपात ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातले क्षार अशी बारा मापं, त्यात वय आणि जुने आजार मिळवायचे. १९९६ मध्ये 'सोफा' आली: सहा अवयव, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. भाचा म्हणतो, हे आकडे शंभर रोग्यांबद्दल चांगलं सांगतात, समोरच्या एकाबद्दल नाही. आकडा पाहून दार बंद करणारा डॉक्टर चांगला डॉक्टर नव्हे.

मग बघतो काय? अमेरिकेतल्या ह्या शाखेच्या संघटनेनं १९९९ मध्ये रोग्यांचे चार अग्रक्रम लिहिले होते. ते मी माझ्या शब्दांत सांगते. पहिले, जे आत्ता अस्थिर आहेत आणि आयसीयूखेरीज इतरत्र ज्यांना हवे ते उपचार मिळू शकत नाहीत. दुसरे, ज्यांच्यावर डोळा ठेवायला हवा, कारण ते केव्हाही बिघडू शकतात. तिसरे, जे अत्यवस्थ आहेत पण मुळातल्या आजारामुळे सावरण्याची शक्यता कमी. आणि चौथे, ज्यांना एरवी आत घ्यायचं नाही. ह्या चौथ्यांत दोन तऱ्हेची माणसं आहेत: ज्यांची तब्येत आयसीयू लागण्याइतकी वाईट नाही ती, आणि ज्यांना आयसीयूचा उपयोग होणार नाही इतकी वाईट आहे ती.

हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. आपल्या मनात आयसीयू म्हणजे सगळ्यांत जास्त आजारी माणसाची खोली. तसं नाही. ती मधल्या माणसाची खोली आहे. ज्याला आज टेकू दिला तर उद्या स्वतःच्या पायावर उभा राहील, त्याची. तिथली यंत्रं रोग बरा करत नाहीत, वेळ मिळवून देतात. त्या मिळालेल्या वेळात शरीर सावरू शकेल का, हा प्रश्न.

आणि शरीर सावरेल का, ह्याचा अंदाज आजच्या रक्ताच्या रिपोर्टपेक्षा महिन्यापूर्वीच्या माणसावरून जास्त येतो. म्हणून तो प्रश्न: घरात किती चालते? कॅनडातले डॉ. केनेथ रॉकवूड ह्यांनी २००५ मध्ये म्हातारपणीच्या थकव्याची एक मोजपट्टी केली. आता ती नऊ पायऱ्यांची आहे. ठणठणीत, बाजारहाट करणारा, घरातल्या घरात फिरणारा, आंघोळीला मदत लागणारा, सगळंच दुसऱ्यावर असलेला, अशी उतरत जाते. वय ८१ असूनही रोज बागेत फिरणारी बाई वरच्या पायरीवर असू शकते, आणि साठीचा माणूस खालच्या. त्या पोरगेल्या डॉक्टरकडे दोन मिनिटं होती. त्यानं आत्याचं वय विचारून तिला बाद केलं नाही. तिची पायरी विचारली. मी ती चुकीची सांगितली.

मोजपट्ट्याही निर्दोष नाहीत, हे २०२० मध्ये दिसलं. मार्चच्या सुरुवातीला इटलीतल्या भूल आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेनं उघड लिहिलं की जागाच संपल्या तर 'आधी येईल तो आधी' हा नियम चालणार नाही, जगण्याची शक्यता जास्त त्याला द्यावं लागेल, वयाची मर्यादाही घालावी लागू शकेल. इंग्लंडमध्ये हीच थकव्याची पट्टी सगळ्यांना लावा अशी सूचना निघाली. जन्मापासून अपंग असलेल्या तरुणांच्या घरच्यांनी विचारलं, आमच्या मुलाला आंघोळ आम्ही घालतो म्हणून तो कमी जगण्याजोगा? काही दिवसांतच ती सूचना सुधारावी लागली: तरुणांना आणि कायमचं अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावायची नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. नियम लिहिलेला होता म्हणून तो वाचता आला, आणि चूक दाखवता आली. कॉरिडॉरमध्ये मनातल्या मनात केलेल्या निवडीला कोण हरकत घेणार?

आपल्याकडेही आता लिहिलेलं आहे. २०२३ च्या अखेरीस केंद्रीय आरोग्य खात्यानं २४ तज्ज्ञांकडून आयसीयूत कधी घ्यावं आणि कधी बाहेर काढावं ह्याचं मार्गदर्शन तयार केलं. एखादा अवयव निकामी होऊन त्याला आधार लागणं, शुद्ध हरपत जाणं, रक्तदाब न टिकणं, श्वासाला यंत्राची गरज, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, ही घेण्याची कारणं. आणि कोणाला घेऊ नये? ज्या रोग्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी समजून-उमजून नकार दिला आहे. ज्यानं आधीच तसं लिहून ठेवलं आहे. ज्याचा आजार शेवटाला आला आहे आणि उपचार व्यर्थ ठरणार आहेत. आणि साथीसारख्या वेळी, जागा अपुऱ्या असताना, ज्यांचा अग्रक्रम खालचा आहे.

'आधीच लिहून ठेवलं आहे' हे वाचलं आणि आत्या डोळ्यांसमोर आली.

खुबा मोडल्यानंतर एकदा ती मला म्हणाली होती, "मला त्या नळ्याबिळ्या नका गं लावू. घरी राहू दे." मी म्हटलं होतं, "काहीतरी बोलू नकोस, आत्या." विषय तिथेच संपवला. आपल्या घरांत तो असाच संपवतात. अभद्र बोलू नये म्हणून.

लिहून ठेवण्याचा हक्क आपल्याला सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला दिला. त्याच्या मागे २०११ चा अरुणा शानबाग ह्यांचा निकाल होता. मुंबईच्या केईएममधल्या ह्या परिचारिकेची तिथल्या सहकारी परिचारिकांनी चार दशकं सेवा केली. २०१८ मध्ये अट अशी होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, त्यामुळे फारसं कोणी केलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्या वतीनं बोलेल अशा माणसाचं, किंवा एकाहून जास्त माणसांचं, नाव त्यात घालायचं. पुढे वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मगच त्यावर अंमल होतो. म्हणजे कोणी घाईनं दोर कापेल अशी भीती नको. गोव्यात २०२४ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती सोनक ह्यांनी स्वतःचं असं पत्र करून सुरुवात करून दिली. गोवेकर मंडळी ह्याबद्दल जास्त सांगू शकतील.

मी खोटं बोलले नसते तर काय झालं असतं? आत्या कदाचित वॉर्डातच गेली असती, ऑक्सिजनवर. कदाचित दोन दिवसांत, कदाचित आठ. पण तिला जे हवं होतं त्याच्या ते जवळ असतं. शेजारचा माणूस वाचला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या डॉक्टरवर मी बरेच दिवस चिडून होते, की त्यानं माणसापेक्षा आंघोळ बघितली. आता वाटतं, त्या कॉरिडॉरमध्ये आत्याला काय सोसेल हे विचारणारा तो एकटाच होता. मी फक्त खाट मिळवत होते.

भाच्याला मी शेवटी खरं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, सगळेच सांगतात. म्हणून आम्ही दोनदा विचारतो. त्या रात्री त्याला दुसऱ्यांदा विचारायला वेळ नव्हता."

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे जमलो होतो. फराळ झाल्यावर मी विषय काढला. धाकटा भाऊ म्हणाला, "अगं ताई, सणाचं काय हे!" पण त्याची बायको म्हणाली, "बोलू द्या त्यांना." मग मी माझं सांगितलं. सावरण्याची आशा असेल तर सगळं करा, यंत्र लावा, पंधरा दिवस वाट बघा. आशा नाही असं डॉक्टर म्हणाले तर घरी आणा. आणि डॉक्टरनं विचारलं की ताई किती चालतात, तर खरं सांगा. कागद केला आहे. एक प्रत भाच्याकडे आहे, एक कपाटात, आत्याच्या शिवणाच्या डब्याखाली.

तुमच्या घरात हे बोलणं झालं आहे का? झालं असेल तर कसं झालं, लिहा. नसेल तर पुढच्या वेळी सगळे जमाल तेव्हा, जेवणं झाल्यावर, कोणीतरी एकानं सुरुवात करा. चार जण 'अभद्र' म्हणतील. म्हणू द्या.